समोरासमोरची दुकानं आणि माझा एकच आवाज

एकदा सिहोऱ्याच्या चौकात माझी माझ्याशीच गाठ पडली.

मावशीकडे निघाले होते. एसटीतून उतरले, तर डावीकडून एक ऑटो आला. त्याच्या टपावरच्या भोंग्यातून मी सांगत होते, की गावाचा विकास हवा असेल तर छत्रीसमोरचं बटण दाबा. तेवढ्यात उजवीकडून दुसरा ऑटो आला. त्यातूनही मीच सांगत होते, की कपबशीशिवाय गावाला तरणोपाय नाही. मधे धानाच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली अडकलेली, त्यामुळे दोन्ही ऑटो समोरासमोर उभे राहिले, आणि चांगली पाच मिनिटं मी भर चौकात माझ्याशी भांडत राहिले, तेही गोड आवाजात. पानठेल्यावरची माणसं पोट धरून हसत होती. ओट्यावर बसलेली एक म्हातारी मात्र हसत नव्हती. ती भोंग्याकडे बघून म्हणाली, "अव बाई, आंधी तू एक ठरव, मंग आमाले सांग."

मी पदर ओढून घेतला आणि मावशीकडे न जाता आल्या पावली परत फिरले. त्या निवडणुकीत निवडून आला तिसराच. दोन्ही पडलेले उमेदवार मला अजून कुठे भेटले की म्हणतात, ताई, तुमच्यामुळेच आम्ही दोघं बुडालो. पण दोघांच्याही घरच्या लग्नाचं आमंत्रण मला येतं, म्हणजे फार राग नसावा.

मी तुमसरची. आमच्या जिल्ह्यात ऑटोच्या भोंग्यातून जी बाई साडीचा सेल, दवाखान्याचं शिबिर, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतलं नाटक आणि हरवलेली म्हैस अशा सगळ्याची खबर एकाच उत्साहाने देते, ती मी. चेहऱ्याने मला कोणी ओळखत नाही. भाजी घेताना "कितीले दिली?" एवढं बोलले की भाजीवाली मान वर करते आणि विचारते, "तुमी त्याच का?" पंचवीस-तीस वर्षं हे काम केलं. आता भोंगे कमी झाले, गळाही बसतो, म्हणून सांगायला हरकत नाही.

धंदा अगदी साधा आहे. आमच्या घराच्या मागच्या खोलीत चारही भिंतींना गोधड्या टांगलेल्या आहेत, म्हणजे आवाज घुमत नाही. दारं बंद, पंखा बंद. मे महिन्यात त्या खोलीत उभं राहून "थंडगार सरबताचा आनंद घ्या" म्हणायचं, याला अभिनय म्हणतात असं माझं मत आहे. आमचे हे कॉम्प्युटरवर मागे संगीत जोडतात आणि पेनड्राइव्ह ऑटोवाल्याच्या हातात देतात. लोकांना वाटतं, गोड बोललं की झालं. तसं नाही. भोंग्याची जाहिरात सुरुवातीपासून कोणीच ऐकत नाही. बाई अंगणात भांडी घासत असते, ऑटो कोपऱ्यावरून येतो आणि पुढच्या कोपऱ्यावर दिसेनासा होतो. तेवढ्या वेळात तिच्या कानावर जो तीन-चार वाक्यांचा तुकडा पडेल, त्यात दुकानाचं नाव, माल आणि चौक एवढं आलंच पाहिजे. म्हणून नाव पुन्हापुन्हा घ्यायचं, पण असं घ्यायचं की घोकंपट्टी वाटू नये. ही युक्ती मला कोणी शिकवली नाही. मी स्वतः अंगणात भांडी घासत माझ्याच जाहिराती ऐकत बसायची.

खरी अडचण वेगळीच असते. तुमसरसारख्या गावात साडीची दुकानं चार, क्लास पाच, आणि आवाज एकच. पुण्याला जाहिरातीचं शिकलेला माझा भाचा सांगत होता, की मोठ्या कंपन्यांत एकमेकांचे वैरी असलेले दोन ग्राहक एकाच वेळी घ्यायचे झाले तर त्यांची कामं वेगळ्या मजल्यावर, वेगळी माणसं करतात, आणि मधे बोलायचीसुद्धा बंदी असते. मी म्हटलं, बाबा, आमच्याकडे मजला एक, खोली एक, आणि माणूसही एकच. मी काय माझ्याशी बोलणं बंद करू?

सिहोऱ्याच्या फजितीनंतर मी स्वतःला काही गोष्टी बांधून घेतल्या. नवं गिऱ्हाईक आलं की आधीच सांगायचं, तुमच्या समोरच्याचंही मीच करते, चालत असेल तर बसा. दोघांचे ऑटो एका दिवशी एका रस्त्याला सोडायचे नाहीत. एकाच्या जाहिरातीत दुसऱ्याला टोमणा मारायचा नाही. आणि गोधडीच्या खोलीत जे ऐकलं ते गोधडीच्या खोलीतच ठेवायचं. हे शेवटचं फार जड जातं. सेल कधी लागणार, सूट किती, सोबत बादली देणार की डबा, हे गावाला कळायच्या तीन-चार दिवस आधी मला कळलेलं असतं. या तीन-चार दिवसांत माझ्याकडे चहा प्यायला येणाऱ्यांची संख्या फार वाढते.

नियम केले तरी प्रसंग त्यांच्या बाहेरचेच येतात. जवाहरनगरला फॅक्टरीच्या वसाहतीजवळ दोन क्लास होते, दोन्ही सर एकमेकांकडे न बघता रस्ता ओलांडणारे. निकाल लागला आणि दोघंही एकाच दिवशी माझ्याकडे आले. दोघांच्या कागदावर पहिल्या आलेल्या मुलीचं नाव एकच! "आमच्याच क्लासची विद्यार्थिनी." आता यातलं खोटं कोण? मी त्या मुलीच्या आईला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "सकाळी इकडं जायची, सायंकाळी तिकडं. दोन्हीकडं फी भरली बाप्पा आमी." मग काय, दोघांचंही खरं होतं. दोन्ही जाहिराती केल्या, फक्त दोघांच्याही कागदावरचा "च" मी खोडला. दोन्ही सरांना तो खोडलेला च फार लागला.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण मला लिहायचं आहे ते वासुदेवकाकांबद्दल.

बाजाररस्त्यावर काकांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं. मला पहिलं काम त्यांनी दिलं. मी तेव्हा नवी सून, आणि मंदिरात सप्ताहाच्या वेळी माइकवरून जेवणाच्या पंगतीची सूचना देत होते. पंगत संपल्यावर काका हात धुऊन माझ्या सासऱ्यांकडे आले आणि म्हणाले, "सुनेचा आवाज आमच्या गुंडासारखा हाये. टिचकी मारली का लांबवर जाते." आमच्याकडे पाणी भरायच्या पितळी घागरीला गुंड म्हणतात. सासऱ्यांना घरच्या सुनेचा आवाज रस्त्यावर फिरवणं पसंत नव्हतं. काका तीन वेळा घरी येऊन बसले, तेव्हा कुठे ते हो म्हणाले. म्हणजे माझ्या आयुष्यातलं हे सगळं काम काकांच्या त्या तीन फेऱ्यांवर उभं आहे. त्यांना मी कधी गिऱ्हाईक मानलंच नाही, आणि पुढचा घोळ तिथूनच झाला.

काकांच्या दुकानात नरेश नावाचा माणूस भांड्यांवर नावं कोरायचा. आंदणाची भांडी घेतली की त्यावर मुलीचं नाव टाकायची पद्धत आहे, ते काम त्याचं. छिन्नीने ठोकून असं वळणदार अक्षर काढायचा, की लोक मोहाडी-आंधळगावहून केवळ नावं टाकायला यायचे. अठरा वर्षं तो त्या एका स्टुलावर बसला. मग एक दिवस रस्त्याच्या पलीकडे, काकांच्या अगदी समोर, त्याने स्वतःचं दुकान टाकलं. आणि जाहिरातीसाठी माझ्याकडे आला.

मी त्याला थांबवलं आणि आधी काकांकडे गेले. त्यांनी तराजूवरून नजर न काढता ऐकून घेतलं. "कर ना. तुह्यं बी पोट हाये, त्याचं बी पोट हाये. फक्त माह्याबद्दल वाईट शब्द त्याच्या जाहिरातीत घालू नोको." मी म्हटलं, काका, कोणाबद्दलच घालत नाही. ते म्हणाले, "मंग झालं."

काही वर्षं सुरळीत गेलं. सोमवारी काकांचा ऑटो आंधळगावकडे, तर नरेशचा सिहोऱ्याकडे, गुरुवारी उलट. दोघंही माझ्याकडे येऊन एकमेकांची विचारपूस करायचे. समोरासमोर दुकानं, पण विचारायचं माझ्याकडे.

मग ती लगीनसराई आली. अक्षय तृतीयेच्या तीन दिवस आधी नरेश कागद घेऊन आला. जुनी भांडी देऊन नवी घेतली की दुकानदार जुन्याच्या वजनातून थोडं कापतो, त्याला घट म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या सगळेच कापत आलेत. नरेशने लिहिलं होतं, लगीनसराई संपेपर्यंत आमच्याकडे घट नाही, जितकं जुनं तितकं नवं. मी वाचलं आणि पहिला विचार काकांचा आला. कारण अशा वेळी समोरच्याकडे कोण जाईल?

दुसऱ्या दिवशी काका आले. त्यांची जाहिरात नेहमीचीच. रेकॉर्डिंग झाल्यावर खुशीत म्हणाले, "यंदा गुंडं दुपटीनं बोलावली. लगनं लय हायेत. आज सांजेले फोन करून पक्कं सांगतो." आणि मग हसत हसत विचारलं, "समोरचा काय करून राहिला वं यंदा?"

तो क्षण मला आजही जसाच्या तसा आठवतो. त्यांच्या कपाळावर घाम होता, कारण पंखा बंद होता. मला नुसतं म्हणायचं होतं, काका, फोन आज करू नका. चार-पाच शब्द. मी म्हटलं, "काका, तुमचं त्याले सांगत नाही, त्याचं तुमाले सांगत नाही."

"बरोबर हाये," काका म्हणाले. त्यांना वाटलं, नेहमीची थट्टा. घरी जाऊन त्यांनी फोन केला.

अक्षय तृतीयेला सकाळी काका दुकान झाडून, गणपतीला उदबत्ती लावून गादीवर बसले होते. समोरून ऑटो आला आणि त्यांना नरेशची योजना कळली. सांगितली कोणी? मीच. माझ्याच आवाजात, दुकानाचं नाव तीनदा घेऊन, तीन दिवस उशिरा.

त्या हंगामात काकांची गुंडं जशीच्या तशी राहिली. पावसाळ्यात दुकानाचा अर्धा भाग त्यांनी मोबाइलवाल्याला दिला, आणि ज्या घरांनी तीन पिढ्या त्यांच्याकडून आंदण नेलं होतं, ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली ती गेलीच. आमचे हे मला म्हणाले, "एवढा नियम कोणासाठी पाळला? ज्या माणसानं तुला उभं केलं त्याच्याविरुद्ध?" मी भांडले त्यांच्याशी. नियम आपल्या माणसासाठी मोडला तर तो नियम कसला, वगैरे बरंच बोलले. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र मला तो घामाने भिजलेला चेहरा दिसायचा. खरं सांगते, मला आजही पूर्ण खात्री नाही की मी तत्त्वाने गप्प बसले. थोडी भीतीही होती. नरेश तेव्हा वर्षभर काम देणारा होता. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

काका भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त जाहिरात द्यायचं बंद केलं. मी गंज, म्हणजे पातेलं, घ्यायच्या निमित्ताने दुकानात गेले, तर त्यांनी स्वतः उठून वजन केलं, चहा मागवला, पावसापाण्याचं बोलले. पण मला "तुमी" म्हणाले. लग्न होऊन आल्यापासून ज्यांनी मला "पोरी" शिवाय हाक मारली नाही, ते काका म्हणाले, "तुमी बसा ना." मी तो चहा कसाबसा संपवला.

चार वर्षं गेली. मागच्या तुळशीच्या लग्नानंतरची गोष्ट. बुधवारी दुपारी काका दारात उभे. मी गडबडून खुर्ची पुसायला लागले. ते म्हणाले, "राहू दे व पोरी. एक कागद आणला."

कागद त्यांच्या अक्षरात होता. दुकान बंद करतो आहे, एवढ्या वर्षांच्या लोभाबद्दल सर्वांचा ऋणी आहे. ज्यांची भांडी कल्हईला किंवा दुरुस्तीला दिलेली आहेत, त्यांनी पंधरा दिवसांत ओळख देऊन घेऊन जावी. त्यानंतर राहिलेली भांडी समोर नरेशच्या दुकानात मिळतील. तो आमच्याच दुकानात शिकला आहे, आमच्या भांड्यांवरची सगळी अक्षरं त्याच्या हाताची आहेत, तो कोणाचं भांडं कोणाला देणार नाही.

मी शेवटची ओळ पुन्हा वाचली. "काका, नरेशभाऊंना विचारलं?"

"विचारायचं काय त्यात? भोंग्यावरून कळंन त्याले. तोंडानं सांगाले गेलो तं माह्या गळा भरून यीन." मग म्हणाले, "सोमवारी लाव. तवरी कोणाले बोलू नोको. आंधळगावले बहीण हाये माही, तिले रविवारी सोता जाऊन सांगतो. तिनं भोंग्यावरून आयकलं तं जन्मभर बोलणार नाही."

मी मान हलवली. रेकॉर्डिंग तीनदा करावं लागलं. पहिल्या दोन वेळा "ऋणी" शब्दापाशी माझा आवाज फुटला.

आणि नशीब बघा, गुरुवारी नरेश आला. नव्या लगीनसराईची जाहिरात. सगळं ठीक होतं, पण मधे एक वाक्य होतं: "धूळ बसलेल्या जुन्या दुकानात कशाला जाता?" बाजाररस्त्यावर जुनं भांड्यांचं दुकान एकच. शेंबडं पोरसुद्धा ओळखेल.

मी म्हटलं, "नरेशभाऊ, हे वाक्य मी म्हणणार नाही."

"काहून? नाव तं घेतलं नाही कोणाचं."

"नाव घ्यायची गरज आहे का?"

"वहिनी, तुमी अजून काकाले घाबरता," तो म्हणाला. नरेश वाईट माणूस नाही. त्याची घटीची योजना त्यालाही पुढे जड गेली होती, समोरच्या दुकानात पाऊल ठेवायची लाज होती, आणि लाज वाटली की माणूस जास्त जोरात बोलतो. "तुमी नाही तं नाही. आता मोबाइलमधी बाई बोलते. ते वाक्य पाहत नाही का दुकान पाहत नाही. लिवून द्या, बोलते."

मला काकांचा कागद डोळ्यांपुढे दिसत होता. ज्या माणसाच्या हातात काका आपली शेवटची भांडी ठेवणार होते, तोच त्यांना धूळ म्हणत होता. सांगायचं तर नव्हतं, आणि गप्पही बसवेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "सोमवारपर्यंत थांबा फक्त. मग वाटलं तर लावा."

नरेशचे डोळे बारीक झाले. "सोमवारी काका काही काढून राहिले काय?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलं नाही, पण समजलं," म्हणून तो उठला.

एवढ्या वर्षांच्या धंद्यात मी इतकी मोठी चूक केली नव्हती. पूर्ण सांगितलं असतं तर तो रडला असता. काहीच सांगितलं नसतं तर कदाचित आठवडाभर आळस करत बसला असता. मी अर्धं सांगितलं. बाजारातल्या माणसाला अर्धं सांगितलं की उरलेलं अर्धं तो स्वतःच्या भीतीने भरतो. त्याला वाटलं, काका सोमवारी मोठी योजना आणणार, तेव्हा आपण आधी बाजी मारावी. शनिवारी सकाळीच त्याचा ऑटो निघाला. मोबाइलमधल्या बाईने काकांच्या दुकानासमोरून जाताना ते वाक्य म्हटलं. जेवढ्या सहजपणे ती "स्वस्त आणि टिकाऊ" म्हणाली, तेवढ्याच सहजपणे.

दहा मिनिटांत काकांचा फोन आला. "तू सांगितलं काय त्याले?"

"नाही काका. पण... सोमवारपर्यंत थांबा म्हटलं."

मी काकांचा कागद पुढे ओढला. मी विचारलं, "शेवटचं नरेशचं वाक्य काढून टाकू काय?"

"काहून? भांडी लोकाईची हायेत. ती कोठीतरी पोचली पायजेत ना. एक शब्द बदलवू नोको."

सोमवारी मी बाजाररस्त्यावर गेले. राहवलं नाही. ऑटो दोन्ही दुकानांच्या मधोमध आला, तेव्हा नरेश पायरीवर गुंडं मांडत होता. सुरुवातीला त्याने लक्ष दिलं नाही. "दुकान बंद करत आहे" ऐकलं तेव्हा हात थांबला. मग त्याचं स्वतःचं नाव आलं. तो आमच्याच दुकानात शिकला आहे. तो कोणाचं भांडं कोणाला देणार नाही. रस्त्यावरची माणसं नरेशकडे बघत होती, आणि नरेश हातातल्या गुंडाकडे. आधी त्याने खिशातून फोन काढला आणि स्वतःच्या ऑटोवाल्याला ओरडून सांगितलं, "बंद कर! जिथं असशीन तिथं बंद कर!" मग अनवाणीच रस्ता ओलांडून तो काकांच्या दुकानात शिरला.

आत तो काही बोलायच्या आधी काकांनी त्याच्याकडे एक फडकं फेकलं. "आंधी धूळ पुस," ते म्हणाले. हे मला मोबाइलवाल्याने सांगितलं, कारण मधे फक्त प्लायवूडची भिंत आहे. पुढे अर्धा तास त्याला काहीच ऐकू आलं नाही, फक्त भांडी खाली काढल्याचा आवाज येत होता आणि नरेश एकेक नाव मोठ्याने वाचत होता.

त्याच संध्याकाळी नरेश माझ्याकडे आला. उंबऱ्यातच उभा राहिला. "वहिनी, तुमाले माहीत होतं. सांगितलं काहून नाही?"

"चार वर्षांपूर्वी तुमचं काकांना सांगितलं नव्हतं, म्हणून."

तो उंबऱ्यावरूनच परत फिरला. पण तेव्हापासून तो मोबाइलमधल्या बाईकडे गेलेला नाही, आणि मीही त्याला त्या वाक्याची आठवण करून देत नाही.

पंधरा दिवसांनी काकांनी शटर ओढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्याकडे आले. हातात कागद नव्हता, जाहिरात नव्हती. मी हे काम धरल्यापासून पहिल्यांदाच ते कामाशिवाय आले होते. अंगणात खाट टाकली होती, तिच्यावर बसले. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलंच. चार वर्षं मनात होतं ते.

"काका, त्या वर्षी मी तुमाले सांगाले पायजे होतं काय?"

मला वाटलं होतं, ते म्हणतील, नाही व पोरी, तुह्यं बरोबर होतं. खरं तर तेवढं ऐकण्यासाठीच मी विचारलं होतं.

"हो," काका म्हणाले. "सांगाले पायजे होतं. दुकानदार म्हणून नाही म्हणत. काका म्हणून म्हणतो."

मी समोरच्या पायरीवर बसले. शेजारच्या अंगणात कोणीतरी धान वाळत घालत होतं, त्याचा सरसर आवाज येत होता. "मग ह्या वेळी एवढी मोठी गोष्ट घेऊन पुन्हा माझ्याकडेच काहून आले?"

काका हसले. "आनखी कोणाकडं जाऊ? गावात सगळ्यायचं पोट पातळ. तू सांगत नाही, हे मले महागात पडून समजलं, पण पक्कं समजलं. इतकं महाग समजलेलं वाया कायले घालवू?" मग खाटेवर नीट मांडी घालून म्हणाले, "चाय पाजतं का तसंच बसवतं?"

मी आत गेले. चहा ठेवायचा होता, पण आधी थोडं रडून घेतलं.